गेलेली उंची

केळझर म्हटलं की बाहेरच्या माणसाला टेकडीवरचा सिद्धिविनायक आठवतो. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा एक. हीच ती महाभारतातली एकचक्रानगरी, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पांडव इथं लपून राहिले आणि गावाला छळणाऱ्या बकासुराला भीमानं इथंच मारलं. त्या राक्षसाला गावानं पाळीपाळीनं गाडाभर अन्न, गाडा ओढणारी जनावरं आणि एक माणूस पाठवायचा, असा करार होता म्हणतात.

आमच्या बाबांना या कथेत भीमापेक्षा गाड्याचीच काळजी जास्त. ते म्हणत, "एवढं अन्न भरून भीम रानात पोचला कसा, ते कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात गेला असंन. पावसाळ्यात आपल्या पांदणीतून निंगाला असता तं बकासुर उपाशीच मेला असता!"

आमची पांदण म्हणजे गावच्या डांबरी रस्त्यापासून वावरापर्यंतचा पाऊण किलोमीटर. दोन्ही बाजूला धुरे, धुऱ्यांवर बोरी-बाभळी आणि मध्ये रस्ता म्हणायचा म्हणून रस्ता. तलाठ्याच्या नकाशात ती चांगली रुंद दिसते. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या नांगरांनी दरवर्षी वीतवीत खाऊन तिची चिंचोळी गल्ली झालेली. वावरं वर आणि पांदण खाली, त्यामुळे चार वावरांचं पाणी तिच्यातूनच वाहतं. उन्हाळ्यात तो रस्ता असतो, पावसाळ्यात तोच नाला होतो.

त्यात माती काळी. उन्हाळ्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन-तीन पावसांत त्याच भेगा पाणी पिऊन फुगून मिटून जातात. पाणी धरून ठेवायच्या या गुणामुळे तर आमच्याकडे कपाशी आणि तूर होते. पण वावरात जे पाणी पिकाला लागतं, तेच पांदणीत चाकाला धरतं. ही माती चाकाखालून निसटत नाही, चाकाला गुंडाळते. चार वेढे फिरले की चाकाचा चिखलाचा लाडू होतो आणि तो लाडू मडगार्डला घासून गाडी उभी राहते.

बंडीच्या काळात हे एवढं जाणवत नव्हतं. आमच्या बंडीचं चाक साडेचार फुटांचं होतं. म्हणजे आस जमिनीपासून सव्वादोन फूट वर. चिखल गुडघाभर असला तरी आस कोरडा. सुतारानं बाभळीच्या लाकडाचं चाक बांधायचं आणि लोहारानं धाव चढवायची. गोवऱ्यांचा जाळ करून लोखंडाची धाव लाल करायची, चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. धाव गार होताना आवळायची आणि चाकाचे सगळे सांधे करकचून बसायचे. आम्ही पोरं ते पाहायला शाळा बुडवून जायचो. चाक एवढं मोठं का, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. सांगायची गरजच नव्हती, पांदण समोरच होती.

पुढं बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचं मागचं चाक मोठं आणि जड. त्यानं पांदणीत दोन खोल चाकोऱ्या पाडल्या आणि मधोमध मातीचा उंचवटा उभा राहिला. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला त्याचं काही नाही. मोटारसायकलवाला उंचवट्यावरून कसाबसा जातो. अडकतो तो मधला, म्हणजे आमच्यासारखा जीपवाला.

जीप आम्ही 2013 मध्ये घेतली. महिंद्राची जुनी 540, फोर-बाय-फोर, दोन मालक झालेली. या गाडीचं घराणं मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीजनं जी जीप बनवली, तिचीच जुळणी महिंद्रानं 1947 पासून मुंबईत सुरू केली आणि तिच्यातूनच पुढं या सगळ्या गाड्या निघाल्या. चार कोपऱ्यांना चार पाटे, खाली जाड आस, वर लोखंडी सांगाडा. उघडली तर गावचा मिस्त्री दुरुस्त करू शकेल अशी. आम्हाला ती शान मारायला नको होती. खताची पोती, फवारणीचे पंप, पाण्याचे ड्रम, वेचलेला कापूस आणि निंदायला येणाऱ्या बाया, एवढं तिनं न्यायचं होतं. शिवाय बोरचं जंगल जवळ. 2014 मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ क्वचित कोणाला दिसतो, रानडुकरं मात्र रोज रात्री हजर. भुईमूग आणि तूर राखायची तर जागलीला जावंच लागतं आणि रात्री नऊला पायी जायची ती वाट नाही.

2018 च्या ऑगस्टमध्ये निंदण चालू असताना एका मावशीच्या पायाला घोणस चावली. ती पंधरा-वीस वर्षं आमच्या वावरात येणारी बाई. धाकट्या भावानं तिला जीपमध्ये घातलं आणि निघाला. अर्ध्या पांदणीत जीप बसली. चारही चाकं फिरत होती, पण गाडी जागची हलत नव्हती, कारण तिचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं होतं. शेवटी शेजारच्या कोठ्यातून बाज आणली, मावशीला बाजेवर घातलं आणि चौघांनी खांद्यावर उचलून डांबरी रस्ता गाठला. तिथून दुसऱ्याच्या गाडीनं सेवाग्रामला. वेळेत इंजेक्शन मिळालं, मावशी वाचली. दिवाळीनंतर वेचणीला परत आली तेव्हा पाय अजून काळसर होता. येताना पायीच आली. जीपकडं पाहिलं, पण बोलली काही नाही.

त्या हंगामात घरात ठरलं की गाडी उंच करायची. आधीच्या, म्हणजे 2017 च्या साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता आणि त्याचं कर्ज अजून फिटत होतं. सोयाबीनच्या पैशांतून या कामासाठी तीस हजार बाजूला निघाले. त्याच्या वर एक रुपया नाही, हे बाबांनी आधीच सांगून टाकलं.

पुतण्या तेव्हा आयटीआयला होता. त्यानं मोबाइलवर गाड्या दाखवल्या. कोणाची चार इंच उचललेली, कोणाची सहा, दगडांवर चढणाऱ्या, नदीत उतरणाऱ्या. "मोठे बाबा, पूर्ण किट येते. नवे पाटे, नवे शॉकअप, सगळं. चार इंच सरळ वर!" किटची किंमत विचारली तर आमचे तीस हजार नुसत्या सामानालाच पुरत नव्हते. मग त्यानं दुसरा उपाय काढला. मालवाहू पिकअपवाले पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवतात, लांब यू-बोल्टनं आवळतात. हजार-दोन हजारांत काम.

आम्ही सेलूच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री साठीचा, जीपमध्येच आयुष्य गेलेला. ठोकळ्याचं ऐकून तो हसला. "पिकअपमंधी पाटा आसाच्या वरतून जाते. तुमच्या जीपमंधी खालून. त्याच्यात ठोकळा घातला तं गाडी वर नाई येत भाऊ, खाली बसते." पुतण्या गाडीखाली जाऊन बघून आला आणि गप्प झाला. खरंच होतं. पाटे आसाच्या खाली टांगलेले, मध्ये ठोकळा म्हणजे पाटा आणखी खाली, आणि सांगाडा पाट्यावर म्हणून तोही खाली.

मग मिस्त्रीनं विचारलं, "उंच करायची म्हंता, पण काय उंच करायचं? टप का गोळा?"

गोळा म्हणजे आसाच्या मधला तो फुगीर लोखंडी भाग, ज्याच्यात दातेरी चाकं असतात. गाडीचा सगळ्यात खालचा अवयव तोच. मिस्त्रीनं आम्हाला जे समजावलं ते असं. आस चाकांवर उभा असतो आणि बाकीची गाडी पाट्यांवर. पाटे कितीही उंच केले तरी उचलली जाते ती पाट्यांवरची गाडी, म्हणजे टप, सांगाडा, इंजिन. आस जिथं होता तिथंच राहतो आणि गोळाही. गोळा वर न्यायचा तर एकच रस्ता, चाक मोठं करायचं. आणि चाकाचा व्यास दोन इंच वाढला तर आस वर येणार एकच इंच, कारण अर्धा व्यास आसाच्या वरच्या बाजूला जातो.

बाबा बाकावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "हे तं आमच्या सुताराले मालूम होतं."

मिस्त्री म्हणाला, "व्हय काकाजी. फक्त त्याच्या बंडीले पाटे नव्हते, म्हून त्याले कोणी फसवलं नाई."

मग पाटे उंच करून काहीच मिळत नाही का? मिळतं, पण वेगळं मिळतं. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये जागा मिळते. मोठं चाक बसतं, चिखलाचा लाडू घासत नाही, खड्ड्यात चाक वर गेलं तरी टपाला लागत नाही. चढाच्या तोंडाशी गाडीचं नाक आपटत नाही. आमच्या पांदणीत या दोन्हींची गरज होती, पण किती, ते कोणी मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बांबूची एक कामटी घेतली, तिच्यावर इंचाइंचाला खाचा पाडल्या आणि पांदणीत गेलो. पाऊस थांबून महिने झाले होते, चाकोऱ्या दगडासारख्या वाळल्या होत्या. मोजायला सोयीचं. चाकोरीच्या तळापासून मधल्या उंचवट्याच्या माथ्यापर्यंत बहुतेक ठिकाणी पाच-सहा इंच निघाले. फक्त एका जागी, जिथं दोन वावरांचं पाणी एकत्र येऊन आडवं वाहतं तिथं, साठ-सत्तर फूट लांबीत साडेनऊ इंच. जीप बसली होती ती नेमकी याच जागी. मग कामटी जीपच्या गोळ्याखाली लावली. साडेसात इंच. सगळं भांडण या दोन इंचांचं होतं.

साडेसात ऐकून मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडली. या गाडीला एवढं कमी नसतं, म्हणाला. मग त्यानं टायर पाहिले. आधीच्या मालकानं गाडी मऊ चालावी म्हणून 16 इंची रिम काढून 15 इंची रिमवर रेडियल टायर घातले होते आणि तेही आता गुळगुळीत. मूळचा 6.00-16 टायर साधारण 29 इंच उंच. आमचे झिजलेले 27 च्या आसपास. म्हणजे जवळजवळ एक इंच आस तिथंच खाली गेलेला. मग त्यानं चारही कोपऱ्यांना टपाची उंची मोजली. पुढची उजवी बाजू पावणेदोन इंच बसलेली. चालवणारा त्याच बाजूला बसतो, वीस वर्षं त्याचा भार तिथंच. मागचे पाटेही सपाट झालेले, एका पाट्यातलं एक पान तर तुटलेलं.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "भाऊ, तुम्ही गाडी उंच करायले आले. हिची तं हायेच ती उंची गेली. पयले ते वापस आना."

घरी आल्यावर पुतण्याचं समाधान झालेलं नव्हतं. त्याचंही खरं होतं, त्याला निदान पर्याय माहीत होते. तेव्हा आम्ही एकेक तपासले.

पहिला लांब शॅकलचा. पाट्याचं एक टोक ज्या दुव्यानं सांगाड्याला लटकतं तो शॅकल. तो दोन इंच लांब केला तर गाडी एक इंच उठते. सगळ्यात स्वस्त. पण पुढच्या बाजूला असं केलं की आसाचा कल बदलतो, स्टिअरिंग भटकायला लागतं आणि डांबरी रस्त्यावर गाडी सरळ धरताना हात भरून येतात. वर्ध्याला, नागपूरला जायची गाडी आहे, तेव्हा नको.

दुसरा पाट्यात एक जादा पान घालायचा. गाडी उठते, वजनही पेलते. पण रिकाम्या गाडीत बसलं तर मणके मोजून घ्यावे लागतात. बाबांच्या कमरेला ते चालणार नव्हतं.

तिसरा मोठा. पाटे आसाच्या खालून काढून वर बसवायचे. चार-पाच इंच मिळतात, मोबाइलवरच्या बऱ्याच गाड्या अशाच. पण मग आसावर नवी बैठक वेल्ड करायची, प्रोपेलर शाफ्टचा तिरपेपणा वाढला म्हणून त्याचे क्रॉस लवकर झिजणार, ब्रेकचे रबरी पाइप अपुरे पडणार, स्टिअरिंगचे दांडे बदलायचे. आणि एवढं करून गोळा जिथं होता तिथंच. शिवाय गाडीचा भार वर गेला की ती धुऱ्यावर एका बाजूला कलली तर सावरत नाही, उलटते. मागं सात-आठ बाया बसलेल्या असताना असा धोका घ्यायचा नव्हता.

कायद्याचीही गोष्ट होती. जानेवारी 2019 मध्येच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता की बनवणाऱ्यानं ठरवलेल्या मूळ मापांत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधीपासून आहेच. विम्याचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसानं सरळ सांगितलं की सांगाड्यात बदल केला आणि उद्या काही झालं तर कंपनी आधी तेच दाखवणार. झिजलेलं बदलून गाडी मूळ मापावर आणली तर त्याला कोणी बोट लावू शकत नाही.

चौथी अडचण आमच्या आईनं काढली. मिस्त्रीला, विमावाल्याला, पुतण्याला कोणालाच ती सुचली नव्हती. ती म्हणाली, "गाडी उंच करता, पण बायाईचे पाय नाई ना उंच होत! आत्ताच त्या मावशीले फाळक्यावर चढवाले दोघी जणी लागते." खरं होतं. साठीच्या बाया, लुगडं नेसलेल्या, हातात डबा आणि विळा. चार इंच उचलली असती तर अर्ध्या बाया पायी गेल्या असत्या. गाडी कोणासाठी उचलायची, हा प्रश्न तिथं सुटला.

मग तीस हजारांचा हिशोब कागदावर मांडला. पाटे उतरवून वर्ध्याला पाटेवाल्याकडे दिले. तुटलेलं पान नवीन आणि बाकीच्यांना पुन्हा कमान, 4,500. इथं एक गोष्ट मिस्त्रीनं बजावून सांगितली होती, ती पाट्यांचं काम करून घेणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल. पान गारच ठोकून वाकवायला सांगायचं. काहीजण काम लवकर व्हावं म्हणून भट्टीत लाल करून वाकवतात आणि तसंच गार होऊ देतात. विळ्याचं पाणी उतरावं तसं पाट्याचं पाणी उतरतं आणि सहा महिन्यांत पाटा पुन्हा सपाट. तापवलाच तर नीट पाणी देता येणारा माणूस पाहिजे.

बुश, पिना आणि मूळ मापाचे शॅकल 2,500. चार शॉकअप 5,200. ब्रेकचे नवे रबरी पाइप 800, कारण जुने तडकले होते आणि गाडी वर आली की ते ताणले जाणार होते. भंगारातून निवडून आणलेल्या 16 इंची चार रिम, 2,000. चार नवे 6.00-16 टायर, खोल नक्षीचे, 12,800.

टायरवर जरा वाद झाला. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही अनेकदा हेच माप असतं आणि शेजाऱ्याकडं एक जोडी पडून होती. भाऊ म्हणाला, मागं तीच घालू, सहा हजार वाचतील. मिस्त्रीनं नाही म्हटलं. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरला नुसत्या उभ्या रेघा असतात, त्या वळवायच्या कामाच्या, ओढायच्या नाहीत. चिखलात ते टायर जागच्या जागी फिरतात आणि डांबरी रस्त्यावरच्या वेगासाठी ते बनलेलेच नसतात. शिवाय फोर-बाय-फोर लावायचं तर चारही टायर एका मापाचे आणि सारखेच झिजलेले पाहिजेत. पुढचं-मागचं कमीजास्त असलं की आतल्या दातांवर ताण येतो.

शेवटी फाळक्याखाली एक लोखंडी पायरी वेल्ड केली, 400 रुपये. एकूण 28,200. उरले 1,800.

गाडी तयार होऊन आली तेव्हा कामटी पुन्हा लावली. टप पुढच्या उजव्या बाजूला पावणेतीन इंच वर आला होता. चाकाच्या वर हाताची मूठ फिरेल एवढी जागा. गोळ्याखाली साडेआठ. आणि पांदणीतला उंचवटा साडेनऊ. अजून एक इंच कमीच.

पुतण्या म्हणाला, "पाहा! म्हणूनच म्हणत होतो."

पण मोठं किट घेतलं असतं तरी गोळा साडेआठच्या वर गेला नसता, हे आता त्यालाही कळत होतं. गाडीच्या बाजूनं जेवढं मूळ होतं तेवढं परत आलं होतं. आता राहिली होती पांदण. तिचीही उंची गेलेलीच होती. ती काही जन्मतः साडेनऊ इंच खोल नव्हती. बाबांच्या आठवणीत त्याच जागेवरून बंडी कोरड्या चाकानं जायची.

मे महिन्यात पांदणीवरच्या पाच घरांना एका ओट्यावर बसवलं. हे काम गाडीच्या कामापेक्षा जड गेलं. एक म्हणाला, माझ्याकडं ट्रॅक्टर आहे, मला कशाला पाहिजे. दुसरा म्हणाला, पाणी त्याच्या वावरातून येतं, पैसे त्यानं द्यावे. तिसऱ्याला भीती की रस्त्याचं नाव निघालं तर नकाशाही निघेल आणि त्यानं खाल्लेली वीतभर जागा दिसेल. बाबांनी नकाशाचं नावच काढलं नाही. फक्त म्हणाले, "मांगच्या साली बाज माह्या वावरातून निंगाली. पुढच्या साली कोनाच्या वावरातून निंगंन, ते काही सांगता येते का?" ट्रॅक्टरवाल्यानंच पहिले पैसे काढले.

प्रत्येकी 1,800, एकूण 9,000. आधी पाण्याची वाट केली. जिथं पाणी आडवं यायचं तिथं सिमेंटचे पाइप टाकून ते पांदणीखालून पलीकडं काढलं. पाणी काढल्याशिवाय वर काहीही टाकलं तर काळी माती ते गिळते, हे सगळ्यांना माहीत. मग धुऱ्यांवर वर्षानुवर्षं वेचून टाकलेले दगड चाकोऱ्यांत भरले, ते फुकट. त्यावर मुरूम, चार ट्रॉल्या. ट्रॅक्टर चार वेळा मागंपुढं फिरवून दाबला. मधला उंचवटा फावड्यानं तासला. दोन दिवसांचं काम. कामटी लावली तर उंचवटा चार इंचांवर आला होता.

2019 च्या पावसाळ्यात त्या जागी जीप एकदाही बसली नाही. पुढं नाल्याजवळ एकदा बसली. तिथं गाळ एवढा की चारही चाकं सारखीच खाली गेली, आणि अशा जागी उंचीचा काही उपयोग नसतो. टायरची हवा निम्म्यावर आणली, टायर पसरला, गाडी निघाली. हवा परत भरायला हातपंप आता गाडीतच असतो. अतिवृष्टीच्या दिवशी आम्ही गाडी काढतच नाही. ही गाडी आहे, होडी नाही.

त्यानंतर बरंच काही झालं. 2021 मध्ये सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत शेत-पाणंद रस्ते घेतले, आम्हीही ग्रामपंचायतीत अर्ज दिलेला आहे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, तो आमच्याच तालुक्यातून जातो. रात्री जागलीला गेलं की दूरवर त्याच्या गाड्यांचे दिवे पळताना दिसतात. शिर्डी आता पाच-सहा तासांवर आली म्हणतात. वावर मात्र अजून त्याच पाऊण किलोमीटरवर आहे.

पुतण्या आता नागपूरला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. त्याच्याकडं पोरं गाड्या उचलायला येतात, नव्या, महागड्या. तो सांगतो, "मोठे बाबा, मी पयले टायर मोजतो. मंग विचारतो, जायचं कुठं हाय." निम्मी पोरं त्यावर चिडतात, म्हणतात जायचं कुठंच नाही, फक्त उंच दिसली पाहिजे. त्यांची तो उंच करून देतो. त्यांचे पैसे, त्यांची हौस. पण ज्याला खरंच वावरात जायचं असतं त्याला तो आधी पाटेवाल्याकडं पाठवतो.

माझी कामटी कोठ्याच्या आढ्याला खोचलेली असते. मृगाच्या आधी आठवडाभर तिला खाली काढतो आणि पांदण मोजून येतो. उंचवटा सहाच्या वर गेला की ओट्यावर निरोप जातो आणि एखादी ट्रॉली मुरूम पडतो. मागच्या वर्षी शेजारच्या शिवारातला एक जण विचारायला आला, जीप उंच करायची आहे, किती खर्च येईल. मी त्याला कामटी दिली आणि म्हटलं, आधी तुझी पांदण मोजून ये. दोन दिवसांनी तो परत आला. कामटीवर त्यानं कोळशानं दोन खुणा केल्या होत्या, एक रस्त्याची आणि एक गोळ्याची. दोन्हींत अर्ध्या इंचाचा फरक होता. टायर बदलून त्याचं काम झालं.

मावशी अजून येते. पायरीवर एक पाय ठेवते, फाळका धरते आणि कोणाचा हात न घेता चढते.